शेवंती खोकत होती तो हिवाळा

दिवाळीचे आकाशकंदील उतरून माळ्यावर गेले की आमच्याकडे दोन गोष्टी एकदम सुरू होतात. शहराबाहेरची गुऱ्हाळं पेटतात आणि शिवाजी पेठेत लग्नाचे बँड वाजायला लागतात. पहाटे खिडकी उघडावी तर वाऱ्यावर काहिलीतल्या उकळत्या रसाचा वास असतो, गोड आणि जरासा करपट. रंकाळ्याकडून धुकं येतं, तेही काही घाई नसल्यासारखं, एकेक दार चुकवत, एकेक स्कूटर पुसून टाकत. मी शाल गुंडाळून खिडकीशी चहा घेत बसते आणि कान देऊन ऐकते. काय ऐकते ते सांगितलं की घरातली माणसं हसतात. मी खोकला ऐकते.

दूधवाला खोकतो, पेपरवाला खोकतो, समोरच्या घरातले रिटायर्ड मास्तर तर सगळ्या आळीला जाग यावी असे खोकतात. माणसाचा खोकला मला लगेच कळतो आणि मी त्याला सोडून देते. मी थांबलेली असते ती दुसऱ्याच खोकल्यासाठी. कोरडा, खोल, रिकाम्या पिंपावर मूठ मारल्यासारखा. तो आता आमच्या गल्लीत यायची काही शक्यता नाही, कारण गल्लीत घोडाच उरलेला नाही. पण कानांना हे कोण समजावणार? त्या एका हिवाळ्यानं त्यांना जे वळण लावलं ते लावलंच.

शेवंती आमची घोडी. घोडेवाले ज्याला नुकरा म्हणतात त्या रंगाची, म्हणजे पांढरीशुभ्र. पण आयाळ बाजूला केली की मुळाशी एक पिवळसर झाक दिसायची, शेवंतीच्या फुलात आत असते तशी. नाव तिथूनच आलं. माझे वडील, तात्या, तिला वरातीला न्यायचे. पेठेतले निम्मे नवरदेव तिच्या पाठीवरून बोहल्यावर गेले असतील. पुढे मित्रमंडळी रस्त्यात लोळण घेऊन नाचायची, कानाशी फटाके वाजायचे, नवरदेव भीतीनं तिची आयाळ उपटायचा, पण तिनं कधी कुणाच्या पायावर पाय दिला नाही. क्लॅरिनेटचा पहिला सूर आला की ती आपोआप पुढचे पाय उचलायला लागायची. एक उजवा, एक डावा, मान अशी मुरडून. तात्यांनी तिला हे शिकवलं असं लोक म्हणायचे आणि तात्या ते खोडून काढायचे नाहीत, पण खरं म्हणजे तिला वाजप ऐकलं की राहवायचंच नाही.

माझी थोरली बहीण, आक्का, लहान असताना रुसली की तात्या तिला एकच गोष्ट सांगून हसवायचे. "तुजा नवरा आपल्या घरच्या घोडीवरनं येणार बघ." तेव्हा शेवंती आमच्याकडे आलीही नव्हती. घोड्या बदलल्या, शब्द तसाच राहिला. आक्का मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली, तरी तो शब्द तिनं मनात असा जपला होता की विचारायची सोय नाही. त्या वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलगा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर. उंच, लाजरा. बैठकीत तो हळूच म्हणाला होता, "मला घोड्यावर बसायची सवय न्हाय हो."

"तुमी नुस्तं बसा पावणं," तात्या म्हणाले. "बाकीचं ती बघती."

सगळे हसले. मागं पत्र्याच्या पागेत शेवंती कडबा चावत होती. त्या संध्याकाळचं ऊन मला अजून दिसतं. पत्र्याच्या भोकांतून आत पडलेले त्याचे गोल तुकडे तिच्या पाठीवर होते आणि ती हलली की तेही हलायचे.

आमच्या पेठेत आजारी पडायची एक रीत आहे. इथं आजारी माणसाला कुणी एकटं पडू देत नाही. कुणाला नुसती कणकण आली तरी तासाभरात दारात चपला मावत नाहीत. घोडेवाल्यांत हीच रीत घोड्यांनाही लागू होती. कुणाचं जनावर आजारी आहे असं कळलं की बाकीचे कामं टाकून जायचे. जाताना खिशात गुळाचा खडा न्यायचा. जनावराच्या कपाळावरून, नाकावरून हात फिरवायचा, जबड्याखाली चाचपायचं, डोळ्यांत बघायचं, मान हलवायची, आपलं मत सांगायचं, चहा प्यायचा. आणि घरी परतलं की आधी आपल्या जनावराकडे जायचं, हा त्यातला शेवटचा भाग. दुसऱ्याचं दुखणं बघून आलेला माणूस पहिला हात फिरवतो तो स्वतःच्या घोड्याच्या नाकावरून. देवळातून आल्यावर पोराच्या कपाळाला अंगारा लावावा तसा.

रहीमचाचांचा सुलतान खोकतोय असं कळलं तेव्हा तात्याही असेच गेले. रहीमचाचा नालबंद. तात्यांचे सगळ्यात जवळचे मित्र आणि रोजचे भांडणारे. सुलतान हा त्यांचा टांग्याचा म्हातारा घोडा. टांगे गेले, पण चाचांनी सुलतानला काही सोडलं नव्हतं. चाचा बाहेरगावच्या शर्यतीच्या घोड्यांना नाल मारून आले आणि पाठोपाठ सुलतान खोकायला लागला. तात्या गेले, बसले, त्याच्या नाकपुड्या आपल्या रुमालानं पुसल्या. घरी आले. मी पागेच्या दारात उभी होते. दिवे लागायच्या वेळचा तो निळा उजेड होता. तात्यांनी शेवंतीच्या नाकावरून हात फिरवला, खिशातला उरलेला गूळ तळव्यावर धरला आणि तिनं तो ओठांनी हळूच उचलला. त्या सगळ्या हिवाळ्यातलं इतकं सुंदर दृश्य मी दुसरं पाहिलं नाही. त्या तळव्यावर गुळाबरोबर आणखी काय होतं, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

आधी तिनं वैरण सोडली. मग मान खाली घालून उभी राहिली. कान गरम, नाकातून पाणी. आणि मग तो खोकला. तात्या म्हणाले, थंडी बाधली. शेजारी म्हणाले, लग्नघर आहे, नजर लागली. कुणी लिंबू-मिरची आणली, कुणी ओव्याची धुरी सुचवली. पागेत इतका धूर झाला की शेवंती दिसेना, नुसता तिचा खोकला ऐकू यायचा. ढगाला खोकला झाल्यासारखं वाटत होतं.

जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाई आल्या. चंदगडच्या. ठेंगण्या, चष्मा, डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला. दारातूनच म्हणाल्या, "आधी ही शेगडी बाहेर घ्या. तिला श्वास घ्यायलाच त्रास होतोय आणि तुम्ही तिला धूर देताय?"

त्यांनी शेपटी बाजूला करून थर्मामीटर लावला तेव्हा तात्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. घरातल्या लेकीबाळीची तपासणी चालल्यासारखे ते उभे होते. ताप पुष्कळच होता. जबड्याखाली गाठी हाताला लागत होत्या. बाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग त्यांनी घोडीबद्दल विचारायचं सोडून माणसांबद्दल विचारायला सुरुवात केली. हिच्याजवळ कोण कोण आलं? तुम्ही कुणाकडे गेला होता? तिथं हात लावला होता? आल्यावर धुतला होता?

"माणसाची विचारपूस करायला गेल्यावर हात धुवून येत्यात व्हय?" तात्या म्हणाले.

"हा फ्लू आहे, तात्या. घोड्यांचा. लांबपर्यंत खोकल्यातून जातो आणि त्याहून लांब माणसांच्या हातातून. माणसाला होत नाही, पण माणूस घरपोच देतो. पेठेत एकदम इतकी घोडी कशानं खोकायला लागली असं वाटतंय तुम्हाला?"

तात्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, मला पाहवेना.

बाईंनी तिच्या नाकातला स्राव कापसाच्या बोळ्यावर घेतला. तपासणीला पाठवला, पण वाट न बघता सांगायचं ते सांगून टाकलं. या विषाणूला मारणारं औषध आमच्याकडे नाही. ताप उतरवायचं औषध देते. वैरण पाण्यात भिजवून द्या, म्हणजे धूळ नाकात जाणार नाही. बादली वेगळी, अंग घासायचा खरारा वेगळा, लगाम कुणाचा कुणाला नाही. पेठेतलं एकही घोडं जागेवरून हलवायचं नाही, शर्यतीला नाही, वरातीला नाही. आणि ताप जितके दिवस राहील तितके आठवडे तिला विश्रांती. बरी दिसली तरी. "बरी दिसते तेव्हाच माणसं चूक करतात," त्या म्हणाल्या. "फुप्फुस आतून ओलं असतं. त्यात तिला नाचवलं तर उठायची नाही."

दारात उभ्या असलेल्या आईनं मनातल्या मनात आठवडे मोजले. मुहूर्त त्यांच्या मधोमध होता.

तालमीतली फुटबॉलवाली मंडळी त्याच दिवशी मैदान आखायची चुन्याची फक्की घेऊन आली आणि आमच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, टचलाइन मारावी तशी पांढरी रेघ मारून गेली. रेघेच्या अलीकडे कुणी यायचं नाही. पण विचारपूस बंद करणं पेठेला जमण्यासारखं नव्हतं. मग ती मोठ्यानं सुरू झाली. तसं मोठ्यानं बोलायला आमच्या लोकांना कारण लागत नाही, पण त्या हिवाळ्यात ते एकदम शास्त्रोक्त झालं. सकाळी धुकं इतकं असायचं की पलीकडे कोण उभं आहे ते दिसायचं नाही. धुक्यातून नुसता आवाज यायचा.

"तात्याऽऽ! कशी हाय शेवंती?"

"हाय आपली!"

"ताप?"

"उतारलाय जरा!"

"ल्हीद कशी टाकती?"

मग शेवंतीच्या लिदीची हकिगत सगळी आळी चहाबरोबर ऐकायची. तात्यांनी "बरी हाय" असं मात्र एकदाही म्हटलं नाही. रोज विचारणारे बदलायचे, उत्तर तेच. हाय आपली. बरी म्हटलं आणि उलटली तर, ही भीती त्यांना होती. मी आत ऐकत असायची आणि रोज वाटायचं, आज म्हणतील.

ते दिवस आठवले की मला ते सलग आठवतच नाहीत. भिजलेल्या कडब्याचा वास आठवतो. आईचं करवादणं आठवतं, "लग्नघरात हळदीपरास फिनेलचाच वास जास्त." तात्या पागेतून बाहेर आले की कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे, कपडे बदलायचे, आणि तेवढ्यात ती आत खोकली की पुन्हा आत. बांगड्या भरायला आलेली कासारीणसुद्धा रेघेपलीकडून ओरडून मापं विचारून गेली. आणि या सगळ्यावर कुठूनतरी सतत तो गुळाचा वास. अजूनही गूळ कढायला लागला की मला आधी भीती वाटते आणि मग भूक लागते.

मग सुलतान गेला.

चाचांनी एका शाळेला शब्द दिला होता, स्नेहसंमेलनात मुलांना टांग्यातून फेरी मारून आणायचा. सुलतानचा ताप गेला होता, खोकला तेवढा होता. एवढीशी फेरी, मैदानाच्या कडेकडेनं, कुठल्या दुसऱ्या घोड्याशी गाठ नाही. चाचांनी त्याला जुंपलं. मुलं खूश झाली. परत आल्यावर सुलताननं जी धाप टाकली ती थांबलीच नाही. बाईंनी इंजेक्शनं दिली, सकाळ-संध्याकाळ येऊन बसल्या. म्हाताऱ्या फुप्फुसात काही उरलं नव्हतं.

तात्या निघाले तेव्हा मी बरोबर गेले. चाचांच्या दारासमोरही फक्कीची रेघ होती. तात्या तिच्याशी जाऊन थांबले. पलीकडे पायरीवर चाचा बसलेले, मांडीवर सुलतानची घुंगरांची माळ. पेठेतले दोन सगळ्यात मोठ्या आवाजाचे गृहस्थ, एवढासा रस्ता मध्ये, आणि दोघांच्या तोंडून शब्द फुटेना. तात्यांचा एक पाय उचलला गेला. मग त्यांना घरची आठवली असावी. तो पाय त्यांनी परत मागं घेतला. मित्राच्या दु:खात दारात जाऊन परत फिरलेला माणूस आमच्याकडे कुणी पाहिला नव्हता.

लग्न जवळ आलं आणि शेवंती सुधारली. खाऊ लागली, कान टवकारू लागली, सकाळी एखाददुसरा खोकला, बास. रेघेपलीकडच्या घरांत पाहुणे जमले तसे सल्लेही जमले. घोडी तर ठणठणीत दिसतीय की! मारुतीच्या देवळापासून हॉलपर्यंतच तर जायचंय. मामा म्हणाले, सावकाश न्या. आक्का नुसती गप्प झाली, आणि तात्यांना ते मामांच्या बोलण्यापेक्षा जड गेलं. एका दुपारी मी पाहिलं तर तात्यांनी वरातीचं जरीकामाचं खोगीर बाहेर काढलं होतं आणि ते एकेक आरसा पुसत बसले होते. आरशांतले कवडसे भिंतीवर पळत होते. शेवंती ते बघत होती. ते परत ठेवा असं मी म्हणायला हवं होतं, पण मी आक्काची बहीण होते आणि मलाही तो नवरदेव घोडीवरून येताना बघायचा होता.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. रहीमचाचा रेघेवर उभे होते. सुलतान गेल्यापासून पहिल्यांदाच. त्यांना उघड्या दारातून खोगीर दिसत होतं.

"काडलंस व्हय खोगीर?"

तात्या दारात आले. "पोरीला शब्द दिलाय रं."

"मीबी दिलता." चाचांचा आवाज सगळ्या गल्लीत गेला. "शाळंला दिलता. समद्यांला इचारलं मी, हेडमास्तरला इचारलं, घरात इचारलं. ज्येला जुपायचं त्येलाच न्हाय इचारलं. आता इचारायला न्हाय त्यो." आणि खोगिराकडे बोट करून, "तू इचार तुज्या घोडीला. हाय अजून तवर."

खिडक्यांतून माणसं बघत होती. तात्या आत आले, खोगीर फडक्यात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. आक्काच्या समोर जाऊन बसले. म्हणाले, "घोडी न्हाय यायची बाळ." आक्का उठून आत निघून गेली.

गोरज मुहूर्त होता. ऊन उतरलेलं, हवेत धूळ आणि तिच्यावर सोनेरी साय. आक्का वरच्या खोलीत शालू नेसून, हॉलवर न्यायची वाट बघत खिडकीशी बसलेली, मी तिच्या अंबाड्यात गजरा खोवत होते. देवळाकडून बँड निघाल्याचं ऐकू आलं. आवाज वळणावळणानं जवळ येत गेला आणि खाली पागेतून टापांचा आवाज सुरू झाला. एक उजवा, एक डावा. शेवंतीनं ऐकलं होतं. बांधल्या जागी ती नाचायला लागली होती. दावं ताणत होतं, पत्रा वाजत होता, आणि मध्येच तो खोकला. मग नाच. मग पुन्हा खोकला.

तात्या फेट्यासकट रस्त्यावर धावले. वरात वळणावर आली होती. ते रेघेपर्यंत गेले आणि बँडसमोर हात जोडून उभे राहिले. क्लॅरिनेटवाल्यानं शेवंतीबरोबर किती वराती केल्या होत्या. त्यानं पागेकडे कान दिला, क्लॅरिनेट खाली घेतली आणि हात वर केला. ताशा थांबला. ढोल थांबला.

आणि मग आख्खी वरात, फेटे, करवल्या, नाचून घामाघूम झालेली मंडळी, रेघेच्या पलीकडून आमच्या दारावरून गुपचूप चालत गेली. नुसता चपलांचा आवाज. कुणाचं तरी लहान मूल काहीतरी बोललं तर त्याच्या आईनं तोंडावर हात ठेवला. नवरदेव चालत होता. आमच्या दारासमोर आल्यावर तो थांबला, मुंडावळ्या बाजूला केल्या आणि पागेकडे बघून हात जोडले. शेवंतीचे पाय थांबले होते. वळण ओलांडून खूप पुढे गेल्यावर बँड पुन्हा वाजला, पण तोवर तो लांबचा झाला होता.

आक्कानं खिडकीचा गज सोडला. तिचं काजळ पसरलं होतं. म्हणाली, "बघितलंस? माझ्या लग्नात सगळी शिवाजी पेठ गप्प बसली. हे कुणाला तरी जमलंय का?"

फेब्रुवारी सरता सरता डॉक्टरीणबाईंनी मोकळीक दिली. मग पेठेतल्या सगळ्या घोड्यांना लस टोचली. रहीमचाचा रेघ ओलांडून पहिल्यांदा आले तेव्हा कुणी न सांगता आधी नळावर गेले, साबण मागितला, हात धुतले आणि मग शेवंतीचा पाय मांडीवर घेऊन नवा नाल मारला. त्याच संध्याकाळी तात्या त्यांच्याकडे गेले. सवयीनं खिशात गुळाचा खडा घेऊन गेले होते. खायला तिथं कुणी नव्हतं. त्यांनी तो रिकाम्या गव्हाणीत ठेवला आणि दोघं तिथंच जमिनीवर बसले. राहिलेली भेट त्यांनी अशी पुरी केली.

शेवंती पुढे पुष्कळ वर्षं जगली. पुष्कळ नवरदेव तिनं पोचवले. मग ती म्हातारी झाली आणि एका उन्हाळ्यात शांतपणे गेली. चाचा गेले, तात्या गेले. पागेत आता स्कूटर असते. आक्का संक्रांतीला येते तेव्हा अजून एकदा तिथं डोकावून बघते.

काल या मोसमातली पहिली वरात आमच्या गल्लीतून गेली. संध्याकाळ होती, धुकं नुकतं उतरत होतं. बँड वळणावर आला आणि दरवर्षी थांबतो तसा आमच्या दारासमोर थांबला. त्या लग्नानंतर ही रीतच पडून गेली आहे. वादक बदलले, मालक बदलले, पण आमच्या घरासमोर वाजवत नाहीत. पाहुण्यांतल्या कुणीतरी वैतागून विचारलं, "का थांबलासा वो? मेलंय काय कुणी?"

ढोलवाला तरुण होता. शेवंतीला त्यानं कधी पाहिलं नसणार. पण त्यानं सांगितलं, अगदी रोजचीच गोष्ट सांगावी तसं. "हितं वाजवायचं नस्तंय, पावणं. घोडी आजारी हाय."

मी खिडकीत उभी होते. हातातला कप खाली ठेवला. तात्यांना त्या सबंध हिवाळ्यात जे म्हणवलं नाही ते माझ्या तोंडून एकदम आलं, आणि चांगलं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं आलं.

"बरी हाय आता! वाजवा की!"